पाचामुखी परमेश्वर?

एप्रिलअखेर आमची परीक्षा संपली. पुढच्या रविवारी मिस्सानंतर फादरांनी आम्हाला थांबवले आणि म्हणाले, "तुम्ही पाचही जण एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. वर्षभरात काय शिकलात ते पत्रिकेसाठी लिहून द्या. टक्के नकोत, ते निकालात कळतीलच." आम्ही हो म्हटले आणि संध्याकाळी चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलो.

सुरुवातीला यादी भराभर झाली. जुलैत रुळांवर पाणी आले आणि गाडी नायगावच्या अलीकडे अडीच तास अडकली, तेव्हा अनोळखी बायकांनी आपले डबे उघडून सगळ्यांना घास-घास वाटला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस गोणपाटात माती भरून आम्ही ओढ्यावर बंधारा घातला. आमच्यातल्या एकीचे आजोबा वारले, तेव्हा शोक करणाऱ्या घरात काही न बोलता नुसते बसायचे असते हे कळले. एकाने शिकवण्या घेऊन पहिली कमाई आईच्या हातात ठेवली. वहीचे पान भरत आले. मग एकाने विचारले, "आणि त्याचे लिहायचे का?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. कोणाबद्दल विचारतो आहे हे सर्वांना ठाऊक होते.

तो जव्हारकडचा. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेला. पहिले वर्ष गावाजवळच्या कॉलेजात करून दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात आला. नालासोपाऱ्याला काकांकडे राहायचा, म्हणजे येण्याजाण्याची गाडीही आमचीच. पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी दोघांशी त्याची चांगली ओळखही झाली होती. ऑगस्टमध्ये प्रत्येकाला वर्गासमोर पाच मिनिटे इंग्रजीत बोलायचे होते. बोलताना त्याने एक शब्द चुकीचा उच्चारला. वर्ग हसला. तोही थोडा हसला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण आमच्यापैकी एकाने ते बोलणे मोबाईलवर टिपले होते. दुसऱ्याने ते वर्गाच्या ग्रुपवर टाकले. तिसरीने त्यावर एक चित्र बनवले. चौथा रोज सकाळी त्याला त्याच शब्दाने हाक मारू लागला. पाचवी काहीच करत नव्हती, ती फक्त हसत होती. महिन्याभरात सगळ्या वर्गात तो शब्द हेच त्याचे नाव झाले. सरांनी हजेरी घेताना त्याचे खरे नाव पुकारले की मागच्या बाकावरून हळूच तो शब्द यायचा. गणपतीच्या सुट्टीनंतर तो आमच्या डब्यात चढेनासा झाला. दिवाळीनंतर कॉलेजातही दिसला नाही. जानेवारीत कळले की त्याने कॉलेज सोडले आहे आणि वसई पूर्वेला, वालीवच्या एका गोदामात तो मालाची नोंद ठेवण्याचे काम करतो.

त्या दिवशी वसई स्टेशनबाहेर उभे राहून आम्ही जे बोललो, ते आठवले की आजही मान खाली जाते. प्रत्येकाचे वाक्य "मी तर फक्त" असे सुरू होत होते. मी तर फक्त रेकॉर्ड केले, ग्रुपवर मी टाकले नाही. मी तर फक्त पुढे पाठवले, ते तर सगळेच पाठवतात. मी तर फक्त हसले. पाच जणांनी आपापला वाटा असा बाजूला काढून ठेवला आणि पाहतो तर त्या मुलाच्या दुःखाला करणाराच कोणी उरला नाही. मग ते दुःख आले कुठून?

काही दिवसांनी आम्ही दुसरी पळवाट काढली. ज्याने रेकॉर्ड केले त्याच्यावर चौघांनी सगळा दोष टाकला. त्यानेच सुरुवात केली नसती तर पुढचे झालेच नसते, असे आम्ही चौघे एकमताने म्हणालो. तो दोन आठवडे आमच्याशी बोलला नाही. तेव्हा लक्षात आले की एकाला बाजूला काढून चौघांनी एकत्र येण्याचा खेळ आम्ही पुन्हा सुरू केला होता. या वेळी फक्त मुलगा बदलला होता.

पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. पाच माणसे जे एकमुखाने बोलतात ते देवाचे बोलणे मानावे, असा त्याचा अर्थ. गावाच्या कारभारात ते खरेही असेल. पण या वर्षी आमचे दोनदा एकमत झाले आणि दोन्ही वेळा आम्ही चुकलो. तेव्हा प्रश्न पडला तो असा : पाच जणांनी मिळून केलेली चूक कोणाची असते? ती वाटली गेल्याने कमी होते का?

फेब्रुवारीत युवकांच्या बैठकीत फादरांनी आम्हाला संत ऑगस्टीन यांच्या एका वर्षाविषयी सांगितले. ऑगस्टीन यांचा जन्म सन 354 चा, उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावी. आज ते ठिकाण अल्जिरिया देशात आहे. शेजारच्या गावी शिकत असलेला हा हुशार मुलगा सोळाव्या वर्षी घरी परत आला, कारण पुढच्या शिक्षणासाठी कार्थेज शहरी पाठवायला वडिलांजवळ पुरेसे पैसे नव्हते. पैसे जमेपर्यंतचे ते वर्ष रिकामे गेले. त्या वर्षी एका रात्री त्याने मित्रांच्या टोळक्याबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बरीचशी फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली.

पंचवीसहून अधिक वर्षांनी, बिशप झाल्यावर, ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' हे आपले आत्मकथन लिहिले. त्यात ही क्षुल्लक वाटणारी चोरी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहतात. फळे नको होती, मग चोरी का केली? शोधता शोधता ते अशा ठिकाणी येतात की आपण एकटे असतो तर हे केलेच नसते. सोबत होती म्हणून केले. सगळे हसत होते आणि मागे राहण्याची लाज वाटत होती म्हणून केले.

ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. आमच्यापैकी एकानेही एकट्याने त्या मुलाला छळले नसते, हे अगदी खरे आहे. पण हे सांगून आम्ही सुटत होतो आणि ऑगस्टीन तेच सांगून स्वतःला पकडत होते. सोबतीने चूक का घडली हे त्यांनी समजून घेतले, पण सोबतीच्या माथी ती मारली नाही. मित्रांची नावेही त्यांनी लिहिली नाहीत. आत्मकथन स्वतःचे आहे, मित्रांचे नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले.

यापुढचा धडा आम्हाला घरातच मिळाला. आमच्यातल्या एकाची आजी तरुणपणी भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. आमची सामवेदी बोली ऐकून डब्यातल्या बायका हसायच्या, तिच्या तोंडचे शब्द तिलाच म्हणून दाखवायच्या. शेवटी तिने गाडीत बोलणेच सोडले. बाजारात भावसुद्धा ती बोटांनी सांगायची. नातवाने विचारले, "आजी, कोण हसायच्या गं?" आजी म्हणाली, "कोण म्हणून काय सांगू? सगळ्याच हसायच्या."

या उत्तराने आमचा हिशेब चुकता झाला. हसणाऱ्याला वाटते, मी तर जरासेच हसलो. ज्याला हसले जाते त्याच्या कानी सगळ्यांचे हसणे एकदम पोहोचते. कॅन्टीनमध्ये पाच जणांत बिल वाटले की प्रत्येकाला पाचवा हिस्सा पडतो. अपमानाचे गणित उलटे आहे. आम्ही पाच जणांनी तो वाटून घेतला म्हणून त्या मुलाला तो पाचपट झाला. आणि ज्या बोलीपायी आमच्या आजीला गप्प बसावे लागले, ती बोली घरी बोलणारी आम्ही मुले दुसऱ्याच्या उच्चाराला हसत होतो, हे तर आम्हाला कळलेही नव्हते.

सगळ्यांचा दोष सारखा होता असे आम्ही म्हणत नाही. टिपून घेणारा आणि नुसती हसणारी यांच्यात फरक आहे, आणि तो देवाला कळतो. पण आपला दोष दुसऱ्यापेक्षा किती कमी हे मोजत बसले की आपला दोष किती हे मोजायचे राहून जाते.

उपवासकाळ सुरू झाला. त्याची माफी मागायची असे ठरले. प्रथम आम्ही पाचही जण मिळून जाणार होतो. तेव्हा जी फक्त हसली होती तीच म्हणाली, "पुन्हा पाच जण त्याच्यापुढे उभे राहणार? तो एकटाच असेल." म्हणून प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी एकट्याने जायचे ठरले. पाचांच्या गर्दीत जे पाय सहज चालत होते, ते एकट्याने वालीवच्या रस्त्यावर फार जड झाले.

सगळे गोड झाले असे नाही. पहिल्याशी तो दोन मिनिटे बोलला आणि काम आहे म्हणून आत गेला. दुसरीला त्याने टपरीवर चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. तिसऱ्याने धीर करून विचारले, "तू आमच्यामुळे सोडलेस का?" तो म्हणाला, "काकांचे काम सुटले होते. पैसा लागत होता." खोटे कशाला सांगावे, ते ऐकून त्याच्या छातीवरचा दगड उतरला. पण परत येऊन सांगितल्यावर आम्ही बराच वेळ बोललो. तो पैशाअभावी गेला असेल, तर आमची वागणूक बरी ठरते का? तो राहिला असता, पास झाला असता, तरीही ते पाप पापच होते. परिणाम किती झाला यावर आमची जबाबदारी थोडी कमीजास्त होईल, पण चूक ती चूकच. शिवाय घरची अडचण सोसत असलेल्या मुलाला वर्गात एकही आधार नव्हता, हे तर आमचेच काम.

चौथ्याने त्याला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाविषयी सांगितले, नोकरी करत पदवी घेता येते म्हणून. तो "बघू" म्हणाला. ज्याने रेकॉर्ड केले होते तो सर्वांत शेवटी गेला. त्यांच्यात काय बोलणे झाले ते त्याने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

हा लेख छापण्यापूर्वी आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "लिहा, पण माझे नाव नको. आणि तो शब्द लिहू नका." म्हणून तो शब्द इथे नाही.

एक गोष्ट आम्ही लहानपणापासून दर रविवारी करतो, पण तिचा अर्थ या वर्षी कळला. मिस्साच्या सुरुवातीला सगळे चर्च एका आवाजात पापांची कबुली देते, तरी प्रत्येक जण 'मी' म्हणतो. छाती बडवतो ती स्वतःची, शेजाऱ्याची नाही. ते झाले की आपण आजूबाजूच्या बंधुभगिनींना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. पुढे प्रभूची प्रार्थना म्हणताना पिता आमचा असतो, भाकर आमची असते आणि क्षमाही आम्हा सर्वांसाठी मागितलेली असते. 'मी' आधी येतो, मग 'आम्ही'. आम्ही हा क्रम वर्षभर उलटा लावला होता. चूक करताना 'आम्ही' होतो आणि शाबासकी घेताना 'मी'.

हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहिला, कारण ते वर्ष पाचांचे होते. पण त्याआधी प्रायश्चित्त संस्कारासाठी प्रत्येक जण एकटा गेला. त्या जाळीपुढे दोघांना गुडघे टेकायला जागा नसते, ते बरेच आहे.

जूनमध्ये आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले-मुली प्रथमच विरार गाडी धरतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे : मैत्री जरूर करा, टोळके आपोआप होते. सगळे हसत असतील तेव्हा क्षणभर थांबून पाहा, कोण हसत नाही. आणि पालकहो, आम्ही घरी आलो की "आज काय शिकवले?" असे आपण विचारता. अधूनमधून हेही विचारा, "तुझ्या वर्गात एकटे कोण बसते?" आम्हाला ऑगस्टमध्ये कोणी तसे विचारले असते, तर उत्तर देताना कदाचित आमची जीभ अडखळली असती.

काइनाला देवाने त्याच्या भावाविषयी विचारले, तेव्हा एकट्यालाच विचारले. पाचांच्या मुखी परमेश्वर असतो की नाही ते मोठ्यांनी सांगावे. या वर्षात आम्ही एवढे शिकलो की तो विचारायला येतो तेव्हा एकेकाला नावाने हाक मारतो.