साधनांची समता

शर्यतींत गाडीवान जिंकला कीं बैलांची किंमत, हा वाद वैरागच्या पारावर कधींच मिटावयाचा नाहीं. अमेरिकेंतील मोटार-क्लबांनीं आपल्यापुरती त्यावर एक तोड काढली आहे. १९९० ते २००५ या काळांतील जुन्या ‘माझ्दा मियाटा’ गाड्यांची त्यांनीं स्वतंत्र शर्यत ठेविली. टायर ठराविक, किमान वजन ठरलेलें, यंत्रांत मनास येईल तो फेरफार करण्यास मनाई. खर्च आटोक्यांत राहतो व पैशाचा जोर ओसरतो. तरी सरावाचें पेट्रोल आणि फावला वेळ कोणीं सारखा वांटून दिला आहे? न्याय अपुराच राहिला. परंतु सबबी जितक्या कमी, तितकी स्वतःची उणीव स्पष्ट. म्हणून साधनसमतेचा खरा लाभ जेत्यास नव्हे, पराभूतास होतो. हरण्यांतूनही त्यास कांहीं शिकतां येतें.