लांबीखालचा पत्रा

मागच्या पावसाळ्यात खंबाटकीच्या एका वळणावर टेम्पो आमच्या गाडीला घासून गेला. आम्हाला खरचटलंही नाही, पण गाडीचा उजवा फेंडर आणि दरवाजा चेपला. डेंटिंग-पेंटिंग झाल्यावर पेंटरने दरवाजावरून अभिमानाने हात फिरवला. “साहेब, आता सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.”

यंदा गाडी विकायला काढली, तेव्हा त्या ‘सांगितल्याशिवाय’पाशी मी अडकलो.

एजंटचा सल्ला सरळ होता : कुणी विचारलं नाही, तर आपण तोंड उघडायचं नाही. मला वाटलं, कायदा तरी कान पकडेल. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ म्हणतं, नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक नव्हे. त्याखालची बहुतेक उदाहरणं घोड्याची आहेत (तेव्हा गाड्या कुठल्या?). लिलावात खोड असलेला घोडा विकला आणि खोडीबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी आपलीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं बापाचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निकोप धरतो,’ तर तेव्हाचं मौन म्हणजे बोलणंच.

दीडशे वर्षांपूर्वीचा तो मसुदा वाचून मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. लेकीला सांगायचं, परक्याला नाही. हिशेब सोपा होता.

रविवारी गाडी बघायला आली ती पंचविशीतली मुलगी. पहिली नोकरी, पहिली गाडी. सोबत ओळखीचा मेकॅनिक. तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आणि ही स्टिअरिंगवर हात ठेवून आरशात स्वतःला बघतेय. उतरताना सहज म्हणाली, “मग नॉन-अॅक्सिडेंट धरते हं, काका.”

घोड्याची शेवटची दोन्ही उदाहरणं एकदम दारात उभी राहिली. आपल्याकडे दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळेच काका असतात. त्या शब्दाला कुणी नातं मानत नाही. पण ऐनवेळी तो कानाला लागतो.

सांगून टाकलं. गंमत म्हणजे, खरं सांगितल्यावर संशय वाढला. तोवर विश्वासाने बघणारी मुलगी आता विचारू लागली, “एवढंच ना? की आणखी काही?” मेकॅनिकने खिशातून लोहचुंबक काढलं. डाव्या दरवाजाला ते टपकन चिकटलं, उजव्यावरून घसरलं. आत पत्र्यावर लांबीचा जाड थर होता. मग मी क्लेमसाठी काढलेले फोटो मोबाइलवर दाखवले, पॉलिसीवर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवरून शून्यावर आलेला दाखवला. मेकॅनिकने फोटो मोठे करून पाहिले. “अॅप्रनला धक्का नाही, पिलर सरळ आहे. घे.”

पस्तीस हजार कमी झाले. एजंट आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, किल्ली दिली. ती निघता निघता काच खाली करून म्हणाली, “काका, ते फोटो मला पाठवून ठेवा. मी विकेन तेव्हा लागतील.”