बेरीज आणि नंबर

बी.कॉम. झालेल्या माणसाच्या हाती कुठलंही धर्मपुस्तक देऊ नये. तो भक्तिभावाने पान उलटतो खरा, पण आकडे दिसले की बेरीज करायला बसतो.

२०१९ साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. वसईचे हे धर्मगुरू. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला. तरी 'मराठीच्या मांडवात पाद्री कशाला?' म्हणून काही मंडळींनी विरोध केला. आमच्या मालेगावच्या शाखेतही (मालेगाव म्हणजे वाशीमचं, नाशकाचं नव्हे) जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. मी निःपक्षपाती! सरळ बायबल मिळवलं आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

त्यात एज्राच्या पुस्तकात बाबेलहून परतलेल्यांची घराणेवार यादी आहे. खाली एकूण ४२,३६०. मी बेरीज केली, तर २९,८१८! नहेम्याच्या पुस्तकात तीच यादी. तिची बेरीज ३१,०८९, पण खाली एकूण पुन्हा ४२,३६०च! आमच्याकडे बारा रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत घरी जाता येत नाही. इथे बारा हजार माणसं गायब, आणि अडीच हजार वर्षांत एकालाही मेमो नाही!

दुसऱ्या दिवशी काउंटरवरूनच मी विजयी स्वरात जाहीर केलं, "ज्यांच्या पुस्तकाचा हिशेब जुळत नाही, त्यांनी अध्यक्ष कशाला व्हावं?" सगळे हसले. मी वर पाहिलं. खिडकीसमोर दवाखान्यातल्या एक सिस्टर पासबुक घेऊन उभ्या होत्या. गळ्यात बारीकसा क्रूस.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बेरीज चुकली असेल साहेब. पण नंबर माझाच आहे ना?"

मी मुकाट्याने पासबुक भरून दिलं.

आमच्याच तालुक्यात शिरपूर आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. तिच्या पूजेवरून आणि व्यवस्थेवरून दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन जैन पंथ शतकभर भांडले. १९२९ साली तर प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं होतं. १९८१ पासून बंद असलेलं मंदिर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. पण भांडण हक्काचं होतं. मूर्ती किती बोटं वर आहे, याचं नव्हे.

पुस्तकाची चिकित्सा जरूर करावी. माझे २९,८१८ आजही कायम आहेत, आणि ते मी फादरनाही बेधडक ऐकवले असते. पण पुस्तकाची बेरीज आणि माणसाचा नंबर ही दोन वेगळी खाती. मी एकाची तूट दुसऱ्याच्या नावे टाकत होतो. संविधानाच्या २५व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य सगळ्यांना दिलंय. 'आधी पोथीचं ऑडिट करून आणा' अशी अट नाही. असती तर पहिला मीच अडकलो असतो. रामायणात दशरथाचं वय साठ हजार वर्षं आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजासाठी ते आमचा संगणक तरी स्वीकारील का, सांगा!

संमेलन जानेवारी २०२० मध्ये फादरांच्याच अध्यक्षतेखाली पार पडलं. २०२४ साली ते गेले. सिस्टर अजूनही येतात, हसून पासबुक पुढे करतात. त्यांची माफी मागायची मात्र राहूनच गेली आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर, ती एंट्री अजून सस्पेन्स खात्यात पडून आहे.