मालकंसाची वेळ, शेजाऱ्याची झोप

माझ्या पिढीने सवाईची पहाट पाहिलेली नाही. आमच्या घरात मात्र ती दर डिसेंबरला उगवते. आई आणि मावशी सुरू होतात: रमणबागेचं मैदान, अंगावर शाल, थर्मासमधला चहा, सतरंजीवर झोपलेलं कुणाचं तरी पोर आणि उजाडता उजाडता भीमसेनजी. मग ठरलेलं वाक्य, ‘तुम्हाला नाही कळायचं ते.’

भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला हा महोत्सव कित्येक वर्षं रात्र-रात्र चालला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, त्यापुढे नाही. आता सत्रं दुपारी सुरू होतात, त्यामुळे मुलतानी, भीमपलास आपापल्या वेळेला ऐकायला मिळतात, हा फायदाच. पण मध्यरात्र उलटल्यावरचा मालकंस आणि उजाडण्याआधीचा ललित मंडपातून गेले.

कॉलेजात मी यावर तावातावाने भांडायचे. ‘शास्त्रीय संगीताला तरी सूट द्या. तो काय गोंगाट आहे?’

मग बाबांची बायपास झाली. घरी आणलं आणि चार दिवसांत गणपती बसले, मंडप बरोब्बर आमच्या खिडकीसमोर. रात्री साडेअकराला मी खाली गेले. माझ्याच वयाचा मुलगा होता, अगदी नीट बोलला. ‘ताई, वर्षातून दहाच दिवस. आणि गोंगाट काय म्हणता? हे आपलं कल्चर आहे.’ आवाज थोडा कमी केलाही त्याने.

वाक्य माझंच होतं. त्याला काय सांगणार? की माझं ते संगीत आणि तुझा तो आवाज? असं म्हणायचं तर कुणाचे कान सुसंस्कृत हे ठरवायला कुणीतरी बसवावं लागेल. आणि पुण्यात तिथे कुठल्या पेठेतली, कुठल्या आडनावांची माणसं बसतील, हे तुम्हाला-मला पक्कं ठाऊक आहे. नियमाला राग कळत नाही, हीच त्यातली न्यायाची गोष्ट आहे. तो फक्त घड्याळ बघतो.

तरी गेलं ते गेलंच. बंद सभागृहात रात्रभर गायला कायद्याची आडकाठी नाही, पण सभागृहात मैदान मावत नाही. मी रात्री तीनला हेडफोन लावून मालकंस ऐकून पाहिलाय. सूर तेच. पण शेजारी डुलक्या खाणारं, समेला दचकून जागं होणारं कुणी नव्हतं. कुणाचीही झोप न मोडता मी एकटी जागी होते, आणि अर्ध्या तासात रील्सवर पोचले.

यंदा आईने पुन्हा सुरू केलं तेव्हा विचारलं, ‘रमणबागेच्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांना झोप लागायची का गं?’

ती हसली. ‘ते सगळे आतच बसलेले असायचे की.’

‘सगळे?’

मावशीने चहा ओतायला घेतला.