दारापलीकडच्या कमलाबाई

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट आपण बंगळूरच्या एका बंद दारापाशी सुरू करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. १९३३ साली बी.एस्सी. झालेल्या, तेव्हाच्या कमला भागवतने टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, तेव्हा वाट घरच्याच वळणाची होती. संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी म्हणून नकार दिला. ती थेट बंगळूरला जाऊन हटून बसली. प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करायचं, पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही. वर्षभराचं काम पाहून रामन यांचं मत बदललं, पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी मात्र हा अपमान उतारवयातही जाहीरपणे बोलून दाखवला.

तो बोलायलाच हवा होता. पण गोष्ट इथेच थांबली की दार उघडलं, सारं आलबेल झालं, असा समज होतो. आणि त्यांचं विज्ञान ‘पहिली स्त्री’ या बिरुदाखाली गाडलं जातं. लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण म्हणून त्या आपल्याला ठाऊक असतात. वालाशी त्यांचं नातं किती जणांना ठाऊक आहे?

बंगळूरनंतर केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही साइटोक्रोम-सी असल्याचं दाखवलं. पेशीच्या श्वसनात भाग घेणारं हे प्रथिन. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा, पीएच.डी.ची पदवी १९३९ची. नंतर दिल्ली, कुन्नूर, आणि १९४७च्या लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था.

इथे त्यांनी कडधान्यं हाती घेतली. आतड्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ वालासारख्या कडधान्यांत असतात. कच्चा दाणा खाल्ला तर त्यातलं प्रथिन पुरतं अंगी लागत नाही. नीट शिजवला की ही अडवणूक बरीचशी नाहीशी होते. ज्या देशात गरिबाचं प्रथिन डाळ-उसळीतूनच येतं, तिथे हा प्रश्न निवडणं हीच मला मोठी वैज्ञानिक दृष्टी वाटते. नीरेचंही तसंच. डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या या ताज्या रसातली जीवनसत्त्वं नि लोह तपासलं आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायांना त्याचा गुण येतो हे दाखवलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढं करूनही मुंबईच्या त्याच संस्थेचं संचालकपद त्यांना चार वर्षं मिळू दिलं नाही. आता कुणी अटी सांगितल्या नाहीत, कुणी तोंडावर नकार दिला नाही. म्हणूनच हे दुसरं दार आपल्या गोष्टीत येत नाही. अन् मला तर तेच अधिक ओळखीचं वाटतं, कारण त्यापुढे हटून बसायला उंबरठाच नसतो.

पुढे ग्राहक चळवळीत शिरून ‘कीमत’ या नियतकालिकात त्या सामान्य ग्राहकासाठी लिहीत राहिल्या. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच काळात गेल्या.