विंचवाचे अंदाजपत्रक

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांची बिऱ्हाडे बहुधा एका बैलगाडीत मावत असावीत, म्हणून तिसरे कलम त्यांनी घातले नाही : बिऱ्हाड पाहावे हलवून, आणि तेही राज्याबाहेर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असेही आपण म्हणतो. पण विंचवाला सोफा नसतो. त्याला लग्नात आलेला, अजून खोक्यातून न काढलेला डिनर सेट नसतो. 'कधीतरी लागेल' म्हणून माळ्यावर टाकलेला पाळणाही नसतो. त्यामुळे त्याला अंदाजपत्रक लागत नाही. आम्हांला लागले. आणि मी बी. कॉम., त्यातून बँकेतला कारकून. घरावर कसलेही संकट आले की "अहो, तुम्ही तेवढा हिशेब करा" म्हणून कागद माझ्याच हातात येतो.

संकट म्हणजे सौ.ची बदली, पुण्याहून इंदूरला. तिच्या पाठोपाठ मीही विनंती-अर्ज केला आणि नोकरीतली ज्येष्ठता पुण्यात ठेवून इंदूरच्या शाखेत जायचे कबूल केले. तेवढे एक सामान तरी फुकटात कमी झाले. "इंदूर म्हणजे काय, आपलंच की!" असे सगळ्यांनी सांगितले. होळकर आपले, पोहे आपले, राजवाड्याच्या आसपास मराठी बोलणारी चार माणसे हमखास भेटतात. हे सगळे खरे. पण ट्रकवाला अंतर इतिहासावरून मोजत नाही. त्याच्या लेखी पुणे ते इंदूर म्हणजे सहाशे किलोमीटरांच्या आसपास, वाटेत धुळे, मग सेंधव्याचा घाट, मग खलघाटला नर्मदा, आणि प्रत्येक ठिकाणी डिझेल.

अंदाजपत्रक असे झाले. सामानाची बांधाबांध, वाहतूक आणि कर मिळून ४२,०००. नव्या घराची अनामत ३०,०००, पहिले भाडे १५,००० आणि दलालाचे १५,०००. प्रवास, स्कूटर, गॅस, शाळेचे दाखले वगैरे ८,०००. एकूण १,१०,०००. सौ.च्या कंपनीने एकरकमी ६०,००० दिले. वर "यातून वाचतील ते तुमचे" असा उपदेशही दिला. म्हणजे तूट ५०,०००. सरकार तुटीचे अंदाजपत्रक मांडते तेव्हा बाके वाजतात. आमच्याकडे भांडी वाजली.

काही बाबतींत काळ सुधारला आहे, हे मान्य केले पाहिजे. माझ्या लहानपणी घरसामानाचा ट्रक गावोगावच्या जकात नाक्यावर थांबे, आणि गादीच्या घड्यांत काय दडवले आहे याचा खुलासा वडिलांना करावा लागे. महाराष्ट्रातली उरलीसुरली मुंबईची जकातही १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा गेली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलसुद्धा लागत नाही. आमच्या सोफ्याला व्यापारी माल म्हणायचे धाडस सरकारलाही झाले नाही, याचे मला समाधान वाटले. स्कूटरचे मात्र तसे नाही. ती बारा महिन्यांहून जास्त परराज्यात राहणार, तर आधी इथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, मग तिथे नवी नोंदणी. एमएच-१२ची एमपी-०९ व्हायला तिला जेवढे कागद लागतात, तेवढे माझ्या लग्नाला लागले नव्हते. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर इथे जमा करायचे, पावती घ्यायची आणि तिकडे जाऊन पुन्हा ग्राहक व्हायचे. माणसाचे पुनर्जन्मावर मत काहीही असो, गॅस एजन्सीचा त्यावर विश्वास आहे.

आता मुख्य मुद्दा. वाहतूकवाल्याचा माणूस घरभर फिरला, कपाटे उघडून पाहिली, आणि एकवीसशे किलो सामान आहे असे त्याने जाहीर केले. बेचाळीस हजार भागिले एकवीसशे. किलोला वीस रुपये. हा आकडा हाती आल्यावर घरातल्या कुठल्याही वस्तूकडे मला निर्मळ मनाने बघता येईना. पंच्याऐंशी किलोचा सोफा मला सतराशे रुपयांचा प्रवासी दिसू लागला. वाणिज्यशास्त्राचा नियम सोपा आहे : जी वस्तू तिथे वीस रुपये किलोच्या आत मिळते ती इथून नेऊ नये. या नियमाने आईचा पाटा-वरवंटा पहिल्याच फेरीत बाद होत होता. पण पाट्याच्या बाजूने आई उभी राहिली, आणि नियम बाद झाला.

शेवटी मी कागदावर तीन रकाने आखले : न्यायचे, विकायचे, द्यायचे. दुसरा रकाना दोन दिवसांत आटला. लाखाचे बारा हजार कसे होतात ते भंगारवाल्याच्या काट्यावर कळते. आमचे तर बारा हजारही झाले नाहीत. सोफा आणि दिवाण मिळून त्याने बावीसशे दिले, तेही उपकार केल्यासारखे. मग न विकले गेलेले सगळे तिसऱ्या रकान्यात शिरू लागले. ज्ञानकोशाचे खंड वाचनालयाला, व्यायामाची सायकल वॉचमनला, माळ्यावरचा पाळणा एका नवविवाहित जोडप्याला (त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता), आणि आमचा जुना फ्रिज कामाच्या मावशींना. इंदूर हे २०१७पासून ओळीने सात वेळा देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरलेले. तिथे पुण्याची अडगळ नेऊ नये, ही राष्ट्रीय जाणीवही मनात होतीच.

इथे माझ्या मनात एक शंका आली आणि ती जाईना. भाड्याचा दर वाढला की माणसाचे औदार्य वाढते, हा काय प्रकार आहे? किलोला पाच रुपये पडते तर आम्ही सायकल, खंड, पाळणा सगळे इंदूरला नेले असते आणि कंजूष ठरलो असतो. वीस पडले म्हणून आम्ही कर्ण झालो. पण कर्णाने कवचकुंडले दिली ती अंगावरून सोलून दिली. वाहतूक परवडत नाही म्हणून दिली असती तर महाभारतात त्याचे नाव निघाले नसते. कठोपनिषदातही हीच गोष्ट आहे. नचिकेताचा बाप यज्ञात सर्वस्व दान करायला निघाला आणि गाई काढल्या त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. पोराने ते पाहिले आणि बापाला असे प्रश्न विचारले की प्रकरण थेट यमापर्यंत गेले. दानाच्या वस्तूला पाय असले तर ती स्वतः चालत जाते. फ्रिजला पाय असून चालत नाही, एवढाच काय तो फरक. आपण जे नेऊ शकत नाही ते घेणाऱ्याने उचलून न्यायचे, टेम्पोचे पैसे त्याने भरायचे, आणि पुण्य आपल्या खात्यावर जमा. बँकेत अशी नोंद कुणी केली तर तपासणीत सापडेल.

प्रत्येक घरात एक नचिकेता असतो. आमची आठवीतली मुलगी म्हणाली, "बाबा, मावशींना फ्रिज हवाय का, हे कोणी विचारलंय का?"

विचारले. मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "नको दादा. आमचा फ्रिज तुमच्याहून नवा हाय. हप्त्यावर घेतलाय, दोन वर्सं झाली."

सगळे गप्प. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "फ्रिजचं राहू दे. त्यांचं देणं काय निघतं ते बघ."

'देणे' हा मराठीतला मोठा अडचणीचा शब्द आहे. हात उदार केला तरी देणे, आणि कर्ज थकले तरी देणेच. गंमत अशी की दोन्हींत पैसे त्याच खिशातून जातात, पण पहिल्यात आपण माडीवर असतो आणि दुसऱ्यात वसुलीवाल्यासमोर उभे असतो. माझ्या कागदावर 'द्यायचे' असा रकाना होता. 'देणे' असा नव्हता. आईला बी. कॉम.मधला ओ की ठो कळत नाही, पण हिशेबातला फरक तिला बरोबर कळला होता.

मावशी आमच्याकडे अठरा वर्षे कामाला. शेवटचा पगार महिना २,६००. ग्रॅच्युइटीचे सूत्र १९७२ साली कायद्याने घालून दिले. महिना सव्वीस दिवसांचा धरायचा आणि नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. सव्वीसशेचे पंधरा दिवस म्हणजे १,५००, गुणिले अठरा, म्हणजे २७,०००. तो कायदा झाला दहा किंवा जास्त माणसे कामाला असणाऱ्या आस्थापनांसाठी. आमच्या घरात कामाला माणूस एक, आणि काम सांगणारे चार. म्हणजे कायद्याने मी सुटलो होतो. पण माझ्या स्वतःच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब मी दर दिवाळीला करून पाहतो. ते माझ्या कष्टाचे, हे सांगायला मला कुठलाही कायदा लागत नाही. मग तोच पंधरा दिवसांचा नियम आमच्या मोरीपाशी येऊन का थांबावा, याचे उत्तर मला हिशेबात सापडेना.

विरोधी पक्षानेही आपले म्हणणे मांडले, आणि ते टाकाऊ नव्हते. सौ. म्हणाली, "दिवाळीला दर वर्षी पगार दिलाय. लॉकडाऊनमध्ये २०२० साली न येताही दिलाय. साडी तर ठरलेलीच आहे." शेजारच्या वहिनी खास येऊन सांगून गेल्या, "तुम्ही चाललात इंदूरला, पण इथला रेट बिघडवून जाऊ नका." यावर आईचे उत्तर एकच : "दिवाळीला दिलं ते दिवाळीचं." पुढे कोणी बोलले नाही.

पैसे आणायचे कुठून? किलोला वीसच्या दराने सत्तावीस हजार वाचवायचे तर साडेतेराशे किलो सामान सोडावे लागले असते. उरलेल्या साडेसातशे किलोंत संसार बसवायचा तर विंचवाकडे शिकवणी लावावी लागली असती. मग अख्ख्या ट्रकऐवजी दुसऱ्या कुणाच्या सामानाबरोबर अर्धा ट्रक घेतला. त्याचे २९,००० पडले. तेरा हजार वाचले. सोफा-दिवाणाचे बावीसशे मिळाले. उरलेले माझ्या रजेच्या रोखीकरणातून निघाले. अर्ध्या ट्रकचा तोटा असा की सामान आठ दिवसांनी आले. तोवर आम्ही चौघे सतरंजीवर झोपलो आणि आईने सोबत पिशवीत आणलेल्या वरवंट्याने खिळे ठोकले. पाटा ट्रकात होता.

मावशींना रक्कम देताना माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी म्हटले, "मावशी, पाच वर्षांची मुदत ठेव करून देतो. व्याज चांगलं मिळेल."

त्या म्हणाल्या, "दादा, ते आता माझं मी बघते."

क्षणभर मला वाईट वाटले. मग लक्षात आले की दान घेणारा असे बोलत नाही. त्याला सल्लाही पदरात घ्यावा लागतो, आणि नको असलेला फ्रिजही. 'माझं मी बघते' हे ज्याचे देणे चुकते झाले आहे तोच म्हणू शकतो. साडीही त्यांनी घेतली, आणि रंग बदलून आणायला सांगितला.

तेव्हा राज्याबाहेर बिऱ्हाड हलवणाऱ्यांना माझी एक व्यावसायिक सूचना आहे. ट्रकचे तीन भाव घ्या, स्कूटरचे कागद आधी करा, पाटा-वरवंट्याच्या वाटेला जाऊ नका. आणि रकाने आखताना बँकेच्या ताळेबंदाचा नमुना समोर ठेवा. त्यात भांडवल आणि देणी आधी लिहितात, मालमत्ता नंतर. कॉलेजात असताना मला वाटे, ही नुसती छापण्याची पद्धत असावी.