चित्रातली माणसे, चित्रासमोरची माणसे

माणसामाणसांतले नाते हा विषय घेऊन केलेली चित्रे कलादालनात लागली की एक पेच उभा राहतो. ज्यांची ती चित्रे, ते सहसा पाहायला येत नाहीत. जे येतात, ते चित्रात नसतात. मग चित्रातले नाते खरे मानायचे का? आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत वाद पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष असा मांडला जातो. समोरच्याची बाजू आधी मांडायची, तीही लंगडी न करता. या प्रश्नाला तीच रीत सोयीची, आणि उदाहरण घ्यावे ते ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांचे.

पटवर्धनांचा जन्म १९४९चा, पुण्यातला. शिक्षण वैद्यकाचे. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि जोडीने चित्रे काढली. लोकलमधले प्रवासी, रेल्वेच्या पुलावरची गर्दी, इराण्याच्या हॉटेलात टेबलाशी बसलेला माणूस हे त्यांचे विषय. १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबईत जहांगीर कलादालनात आणि दिल्लीत झाले. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात होते. त्यासोबतचा लेख कलासमीक्षक गीता कपूर यांचा. माणूस आणि त्याची वस्ती चित्रात मध्यभागी आणणे, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह नावातच होता. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले.

पूर्वपक्ष इथेच बोट ठेवतो. “गिरण्यांच्या लालबाग-परळहून जहांगीरचा काळा घोडा काही परदेशात नाही. जहांगीरमध्ये जायला तिकीटही पडत नाही. तरी गिरणी कामगार तिथे सहज शिरला असता, असे तुम्ही म्हणू शकता का? दार उघडे असणे वेगळे आणि आत जायची हिंमत होणे वेगळे. शिवाय चित्र विकले जाते, कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाते. कामगार भिंतीवर गेला, घरात आला नाही. याला समूहाशी नाते म्हणणे म्हणजे नुसते शब्दांचे पुण्य.”

उत्तरपक्ष आक्षेप झटकत नाही, फक्त जागा बदलून पाहतो. “नाते कलादालनातच जुळले पाहिजे, असे कुणी सांगितले? हा चित्रकार तीस वर्षे ठाण्यातल्या माणसांचे देह जवळून पाहत होता. त्या देहांची ओळख त्याच्या चित्रांतल्या भक्कम, जडशीळ माणसांत उतरली. ज्यांना आपण रंगवतो, त्यांना त्या आकृतीत स्वतःची ओळख पटावी, ही इच्छा त्याने उघडपणे बोलून दाखवली आहे. इतकी कडक कसोटी किती जण लावून घेतात?”

“डॉक्टरचे नातेही एकतर्फीच,” पूर्वपक्ष म्हणतो. “छाती पट्टीला लावा, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. एक जण पाहतो, दुसरा पाहिला जातो. चित्रातही तेच झाले. आणि कसोटी लावून घेतली म्हणता, पण परीक्षक कुठे आहेत?”

हा प्रश्न बिनतोड आहे. पूर्वपक्ष त्याच्या बळावर दुसरे उदाहरण काढतो: नवज्योत अल्ताफ. मुंबईच्या या कलावतीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधल्या कोंडागावला स्थानिक आदिवासी कलाकारांसोबत काम केले. तिथे हातपंपांभोवती ‘नळपार’ उभे राहिले. घडा खाली ठेवायची जागा, तो डोक्यावर घेण्याआधी मध्ये टेकवायला उंचवटा, सांडलेले पाणी वाहून जायची सोय. पाणी भरणाऱ्या बायकांना उचलण्याचे कष्ट कमी. “इथे परीक्षक रोज येतात,” पूर्वपक्ष म्हणतो. “उंचवटा चुकला तर कंबर सांगते.”

उत्तरपक्षाला नळपारचे मोल मान्य आहे, पण पूर्वपक्षाचा निष्कर्ष मान्य नाही. नळपार वापरणारीला तो कला आहे की नाही याची फिकीर करावी लागत नाही, हेच त्याचे बळ. चित्राचे काम दुसरे: रोज आरशात दिसत नाही ते माणसाला स्वतःचे दाखवणे. ते काम हातपंपाने होणार नाही. बस्तरच्या कामालाही शेवटी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची भिंत लागलीच. २०१८च्या अखेरीस नवज्योत यांचे सिंहावलोकन तिथेच भरले, आणि वर्षभराने पटवर्धनांचेही. म्हणजे खोट कलादालनात नाही, तिथेच थांबण्यात आहे. पटवर्धनांनी २००८-०९च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेले, ते याच जाणिवेतून. अर्थात शहरातल्या सभागृहात येणाराही बहुधा शिकलेला, ही पूर्वपक्षाची पुस्ती रास्त आहे.

या वादाची कसोटी दुसऱ्या शहरातही लावता येते. जयपूरचे जवाहर कला केंद्र चार्ल्स कोरिया यांनी जुन्या शहराच्या नऊ चौकांच्या आराखड्यावर बांधले. टेकडीमुळे मूळ शहराचा एक चौक बाजूला सरकला होता, म्हणून इथेही एक चौक तिरका करून त्यातून वाट काढली. शहराचा नकाशाच इमारतीत आणण्याची ही कल्पना देखणी आहे. पण सीकर रस्त्यालगतचा मुरलीपुरा त्या जुन्या नऊ चौकांत नव्हताच. तो नंतर वाढलेल्या जयपूरचा भाग, शेजारी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र. समूह हा विषय घेणारे प्रदर्शन फक्त कला केंद्रात लागले, तर मुरलीपुऱ्याच्या कामगाराबाबत पूर्वपक्षच जिंकतो.

निर्णय असा: चित्रात माणसे आली म्हणून नाते सिद्ध होत नाही, आणि कलादालनात लागली म्हणून ते खोटेही ठरत नाही. चित्रातल्या माणसाला नापसंतीचा हक्क मिळाला का, एवढे पाहावे. मुरलीपुऱ्यात असे प्रदर्शन भरवायचे झाल्यास आयोजकांनी कारखाने सुटल्यावर दोन तास तरी दार उघडे ठेवावे, चित्रांची नावे हिंदीत लिहावीत, आणि “मी एवढा जाडजूड कुठे आहे?” असे कुणी विचारले तर त्याला कला समजावून सांगायला धावू नये.